कारण : इतर

ई-वे बिलाची, म्हणजे जीएसटीखाली मालाबरोबर न्यायच्या कागदाची, मुदत वाढवायची असली की पोर्टल कारण विचारतं. यादी तयारच असते: नैसर्गिक आपत्ती, कायदा-सुव्यवस्था, माल दुसऱ्या गाडीत भरला, अपघात, आणि सगळ्यात शेवटी 'इतर'. मुदत संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास, एवढ्यातच काम उरकायचं. ट्रकवाल्या आमच्या घरात हे खातं माझ्याकडं आहे, कारण रात्री जागं असणारं माणूस मीच. 'इतर'शिवाय दुसरं काही निवडल्याचं मला आठवत नाही. गाडी हैदराबादला वेळेत पोचलेली असते, पण गोडाऊनला जागा नाही म्हणून बाहेर उभी असते. शनिवारी दुपारी पोचली, साहेब सोमवारी भेटणार. नाहीतर इथंच, बिल काढून गाडी लावून ठेवलेली आणि टॉवेलच्या गठ्ठ्यांची बांधणी अजून चाललेली. यातलं काहीच आपत्तीत बसत नाही.

पोर्टलला मालाची काळजी आहे. २०२१ च्या जानेवारीपासून २०० किलोमीटरला एक दिवस असा मुदतीचा हिशोब आहे. त्याआधी १०० किलोमीटरला एक दिवस मिळायचा. माल कुठून निघाला, कुठल्या नंबरच्या गाडीत आहे, किती रुपयांचा आहे, कधीपर्यंत पोचायला हवा, हे सगळं सरकारला ठाऊक. गाडी चालवणारा माणूस शेवटचा कधी झोपला, हे त्यात नाही. बरोबरच आहे, तो कराचा कागद आहे. पण मग कुठला कागद हे विचारतो? आमच्या गाडीत सीटच्या वर एक प्लास्टिकची पिशवी असते. आरसी, इन्शुरन्स, परमिट, फिटनेस, पीयूसी, टॅक्स, बिल्टी. यातला प्रत्येक कागद एक तर गाडीचा आहे, नाहीतर मालाचा. माणसाचं म्हणून एक लायसन्स, आणि तेही तो किती तास जागा आहे हे सांगत नाही.

हे एरवी माझ्या डोक्यात आलं नसतं. नोकरीमुळं आलं. मी अमेरिकेतल्या ट्रक ड्रायव्हरांच्या जागरणाचा आणि झोपेचा हिशोब तपासते. तिकडच्या लहान ट्रक कंपन्या आपल्या ड्रायव्हरांचे लॉग तपासायचं काम बाहेर देतात. ते एजन्सीकडून एजन्सीकडं फिरत जुळे सोलापुरातल्या आमच्या वरच्या खोलीत येऊन पडतं. संध्याकाळची जेवणं उरकली की मी वर जाते, तेव्हा तिकडं सकाळ झालेली असते. टेक्सासमधल्या एका अनोळखी माणसानं परवा कुठल्या पंपावर डिझेल भरलं, हे बी.कॉम. झालेल्या सोलापूरच्या सुनेला माहीत असतं. सासऱ्यांच्या गाडीवरचा ड्रायव्हर काल किती तास स्टिअरिंगवर होता, हे विचारलं तर घरात कुणालाच सांगता येत नाही.

सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते स्वतः आयुष्यभर लाईनवर होते. तेरा नंबरनं मंगळूर, नऊ नंबरनं हैदराबाद, विजयवाडा. त्या हायवेंचे नंबर बदलून सोलापूरच्या बाजूला ५२ आणि ६५ झाले, अण्णांच्या तोंडी जुनेच आहेत. आता एक बारा टायरी आहे, तिच्यावर ड्रायव्हर ठेवलाय आणि अण्णा दिवसभर हैदराबाद रोडवरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात भाड्याची वाट बघत बसतात. एकदा रात्री पाणी प्यायला उठले, माझ्या खोलीत उजेड दिसला म्हणून वर आले आणि पाठीमागं उभे राहिले. "काय बगूलालीस एवढं?"

मी दाखवलं. स्क्रीनवर मध्यरात्र ते मध्यरात्र अशी चोवीस तासांची पट्टी, तिच्यात चार आडव्या ओळी. पहिली ऑफ ड्यूटी. दुसरी स्लीपर बर्थ, म्हणजे केबिनमागची झोपायची जागा. तिसरी ड्रायव्हिंग. चौथी ऑन ड्यूटी, पण ड्रायव्हिंग नाही. दिवसभरात एकच रेघ या चार ओळींतून चढत-उतरत जाते. नियम असा की सलग १० तास विश्रांती झाली की मग पुढचा दिवस सुरू. सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवायची. ८ तास चालवून झालं की अर्धा तास तरी थांबायचं. आठ दिवसांत मिळून ७० तास ड्यूटी भरली की गाडी हलवायची नाही. सलग ३४ तास सुट्टी काढली की ७० चा हिशोब पुन्हा नव्यानं. आणि यावर तिकडचे ड्रायव्हर रडतात, हेही सांगितलं.

अण्णा म्हणाले, "अकरा तास? मग लई झालं की. रडतेत कशाला?"

रडतात, आणि का ते कळायला मला बरेच महिने लागले. पहिल्यांदा मला वाटायचं की हा लॉग नोंदणारं यंत्र म्हणजे उत्तर आहे. पूर्वी हीच पट्टी कागदावर असायची आणि ड्रायव्हर पेनानं रेघ ओढायचे. तिकडं कामाच्या तासांचे नियम १९३० च्या दशकापासून आहेत, म्हणजे कित्येक पिढ्यांनी कागदावर रेघा ओढल्या. तेच लोक त्या वहीला 'कॉमिक बुक' म्हणायचे, इतका तिच्यावर त्यांचा स्वतःचा विश्वास. २०१२ च्या कायद्यानं यंत्र आणायचं ठरलं, २०१५ च्या डिसेंबरात नियम निघाला आणि १८ डिसेंबर २०१७ पासून तो लागू झाला. आता एक डबी इंजिनाला जोडलेली असते आणि ॲप ड्रायव्हरच्या टॅबवर असतं. गाडीनं ताशी ५ मैलांचा वेग घेतला की रेघ आपोआप तिसऱ्या ओळीवर जाते. चालू गाडीचं ठिकाण तासातासाला नोंदलं जातं. यंत्रानं स्वतः नोंदलेलं ड्रायव्हिंग कमी करता येत नाही. बाकीची दुरुस्ती करता येते, पण तिचं कारण लिहावं लागतं, आणि कंपनीनं सुचवलेली दुरुस्ती ड्रायव्हरनं मान्य केल्याशिवाय लागत नाही. सवलतीही आहेत: २००० सालाच्या आधीचं इंजिन असेल तर यंत्र लागत नाही, जवळपासच्या पल्ल्यात फिरून रोज निघाल्या जागी परतणाऱ्यालाही नाही.

माझं काम त्यातली भोकं शोधायचं. सही राहिली. ट्रेलरचा नंबर नाही. गाडी वीस मिनिटं चालली पण ॲपमध्ये कुणी शिरलेलंच नव्हतं, मग ती वीस मिनिटं कुणाच्या नावावर टाकायची? कंपनीला दिवसाला जास्तीत जास्त आठ कागद पुरावा म्हणून ठेवावे लागतात, मालाचे, डिझेलचे, पगाराचे. ते लॉगशी जुळतात का हे बघायचं. सहा महिने सगळं जपायचं. रस्त्यात कुणी अडवलं तर ड्रायव्हरला आजचा आणि मागच्या सात दिवसांचा लॉग दाखवता यायला हवा. काम कंटाळवाणं आहे. पण रोज रोज त्या रेघा बघून माझी नजर चौथ्या ओळीवर अडायला लागली.

एक लॉग सांगते, तपशील थोडे बदलून. पहाटे ५ ला ड्यूटी सुरू, पाव तास गाडीची तपासणी. सव्वापाचला निघाला, ७ ला एका कोल्ड स्टोरेजच्या गेटवर. रेघ चौथ्या ओळीवर उतरली ती पावणेएकपर्यंत तिथंच, सरळ. पावणेसहा तास. मग तिसरी ओळ, आणि सात वाजायला आठ मिनिटं असताना गाडी थांबली. चालवले किती तास? आठही नाहीत. ११ मधले तीन तास हातात शिल्लक होते, पण पहाटे सुरू झालेले १४ तास सात वाजता संपले. गेटवर उभं राहिल्यानं ते घड्याळ थांबत नाही. शेवटच्या दोन नोंदींमधलं अंतर भागून बघितलं तर तासाभरात त्यानं गाडी कशी पळवली असेल ते दिसतं. थांबला तेही कुठं तर एका रॅम्पच्या कडेला, कारण संध्याकाळी सातला ट्रक स्टॉपवर जागा मिळत नाही.

त्या कोल्ड स्टोरेजला या सगळ्याची झळ काय? काही नाही. बहुतेक ड्रायव्हरांना मैलावर पैसे मिळतात, थांबण्याचे नाहीत. थांबण्याचं भाडं मागायची रीत आहे, साधारण पहिले दोन तास फुकट सोडून. पण ते मिळेपर्यंत फोन आणि ईमेल यांचा जो पाठपुरावा चालतो तो मी जवळून बघितलाय. २०२० च्या बदलानंतर स्लीपरमधली विश्रांती सात आणि तीन तास अशी तोडून घेतली तर १४ तासांचं घड्याळ तेवढ्यापुरतं रोखता येतं. कागदावर चांगलं आहे. पण गेटवर कधीही हाक येईल, दार नंबर अमुक, गाडी लाव. अशा वेळी डोळा लागणाऱ्या माणसाचं मला कौतुक वाटेल.

म्हणून मग ड्रायव्हर स्वतःच चौथी ओळ पुसतो आणि पहिल्या ओळीवर टाकतो: ऑफ ड्यूटी. जबाबदारीतून मोकळा असला तर ते नियमात बसतंही. तेवढे तास ७० मधून वाचतात, आठवड्याच्या शेवटी आणखी एक खेप निघते. कागदावर बघावं तर माणूस सकाळभर आरामात होता. मी त्या ओळीवर शंका लिहिते, ड्रायव्हर उत्तर लिहितो, 'रिस्टिंग', फाईल बंद. थांबणं नावाची गोष्टच त्या दिवसातून नाहीशी होते.

या यंत्राला विरोध झाला नव्हता असं नाही. आधीचा एक नियम २०११ मध्ये कोर्टानं रद्द केला होता, यंत्राचा वापर ड्रायव्हरांना छळण्यासाठी होऊ शकतो याचा विचारच केला नाही म्हणून. २०१५ च्या नियमात त्यावर उपाय म्हणून जे आलं त्यातली एक बारीकशी तरतूद मला फार आवडते: ड्रायव्हर स्लीपरमध्ये आहे अशी नोंद असताना यंत्राचा आवाज बंद ठेवता आलाच पाहिजे. ऑफिसातून बसल्या जागी कुणी त्याला टिंगटिंग करून उठवू नये. माणूस झोपलाय, हे कायद्यानं मान्य केलेली एवढी एकच जागा माझ्या बघण्यात आहे.

आणि २०१२ च्या त्याच कायद्यात दुसरंही एक कलम होतं. जेसन रिव्हनबर्ग नावाचा ड्रायव्हर २००९ च्या मार्चमध्ये दूध घेऊन साउथ कॅरोलायनात पोचला. वेळेआधी आला होता, आत घेणार नव्हते, म्हणून एका ओस पडलेल्या पेट्रोल पंपावर गाडी लावून थांबला आणि तिथं कुणीतरी त्याला सात डॉलरसाठी गोळी घातली. त्याच्या बायकोनं पाठपुरावा केला, त्याच्या नावानं ट्रक पार्किंगचं कलम आलं. यंत्र आणि पार्किंग, दोन्ही एकाच कायद्यातले. यंत्र पाच वर्षांत गाड्यांत बसलं. पार्किंगची रड अजून चालूच आहे, माझ्या स्क्रीनवर रोज संध्याकाळी दिसते. यंत्र बसवायचा खर्च ट्रकवाल्यावर ढकलता येतो. जागा मात्र कुणीतरी स्वतःची द्यावी लागते.

यंत्रानं झालं काय? तासांचे नियम जास्त पाळले जायला लागले, यात शंका नाही. पण २०२१ मध्ये 'जर्नल ऑफ ऑपरेशन्स मॅनेजमेंट'मध्ये एक अभ्यास आला; त्यात असं दिसलं की सक्तीनंतर अपघात कमी झाले नाहीत, आणि लहान कंपन्यांच्या गाड्या जास्त वेगानं पळवल्याबद्दल जास्त पकडल्या गेल्या. माझ्या त्या सात वाजायला आठ मिनिटं असताना थांबलेल्या माणसाला हे सांगितलं असतं तर त्याला नवल वाटलं नसतं.

अण्णांचं लॉगबुक मोबाईलमध्ये आहे, आणि ते बँक लिहिते. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हापासून गाडी टोलवरून गेली की पैसे कापल्याचा मेसेज येतो. गाडी पुण्याला निघाली की सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस. अण्णा रुपये बघत नाहीत, वेळ बघतात. वरवडे आणि सरडेवाडीच्या मधे एरवी तास-सव्वातास, तीन तास गेले की चष्मा कपाळावर ढकलून म्हणतात, "टेंभुर्णीला पडला वाटतं." मी विचारलं, फोन लावू का? "कशाला? झोपू दे की. उठला की पळतोयच." स्वतः चालवलेल्या माणसाचा हा हिशोब आहे. त्यांच्याच ऑफिसात बसणाऱ्या एका तरुण मालकाच्या गाडीला जीपीएस आहे. गाडी अर्धा तास उभी राहिली की त्याचा फोन वाजतो आणि तो लगेच ड्रायव्हरचा वाजवतो. आवाज बंद ठेवायचं कलम आपल्याकडं नाही.

म्हणजे नोंदी कमी आहेत असं नाहीच. टोलची नोंद, डिझेलची नोंद, ई-वे बिल, ई-चलन, वजनकाट्याची पावती, जीपीएसचा ठिपका. सगळं एकत्र केलं तर ट्रकच्या दिवसाचा मिनिटामिनिटाचा हिशोब निघेल. तो एकत्र करून ड्रायव्हर किती तास जागा होता हे काढायची गरज कुणाला पडलेली नाही, एवढंच.

कायदा नाही असंही नाही, आणि हे वाचून मी चाटच पडले. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ चा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याला परवानगीनं दिवसाला १० आणि आठवड्याला ५४. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. सगळं मिळून दिवसाचा पसारा १२ तासांच्या आत. अमेरिकेच्या ११ आणि १४ पेक्षा आपलं पान कडक आहे! मोटार वाहन कायद्याचं ९१ वं कलमही याच तासांकडं बोट दाखवतं. पण १९६१ चा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता, आणि आपल्याकडं बहुतेक मालक अण्णांसारखे एक-दोन गाड्यांचे. आता तो २०२० च्या श्रम संहितेत विरघळलाय, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मी हे सगळं अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आठ तासांत गाडी कुठवर जाती गं? हुमनाबादला उभी करायची आणि एसटीनं घरी यायचं?"

नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत आणि सीटमागं आडवं व्हायला जागा असावी, असाही नियम होता. दोन ड्रायव्हरांची अट २०१८ मध्ये निघाली. तेव्हाच्याच दुरुस्त्यांमध्ये या गाड्यांना फास्टॅग आणि ट्रॅकिंगचं यंत्र आलं. एक माणूस काढला आणि एक डबी बसवली, असं मी म्हटलं की माझा नवरा म्हणतो, तू सगळं वाईटच बघतेस. बरं, चांगलंही सांगते: २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. आमची गाडी जुनी आहे. एप्रिलात सोलापूरचा पारा चाळीसच्या वर गेला की त्या केबिनमध्ये दुपारी हात टेकवत नाही, झोपायचं कसं?

आणि दुपारी झोपायलाच तर हवं असतं. मार्केट यार्डाचं उदाहरण घ्या. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक वाढली की यार्डाबाहेर हैदराबाद रोडला गाड्यांची रांग लागते, कधी कधी तर आवक आवरेना म्हणून लिलावच बंद ठेवावे लागतात. बंगळूरला जाणारा माल भरायला आमची गाडी सकाळी आत जाते. लिलाव, वजन, पोती भरणं, शिवणं, मग हमाल मोकळे झाले की भरणी. ड्रायव्हर या सगळ्यात काय करतो? काहीच नाही, म्हणजे सगळं करतो. रांग पुढं सरकली की गाडी पुढं. मागून आलेल्यानं घुसू नये म्हणून लक्ष. पोत्यांची मोजणी, वाराईवरून हमालांशी बोलाचाली, ताडपत्री, रस्सा, फाळका बांधणं, बिल्टीसाठी ऑफिसात दोन चकरा. कांद्याला ई-वे बिलाची कटकट नाही हाच काय तो दिलासा. दिवे लागणीला गाडी यार्डातून निघते, विजापूर रोडला लागते आणि तिथून पुढं रात्र. सहाशेच्या वर किलोमीटर, तिकडच्या बाजारात वेळेत पोचायचं, नाहीतर भाव पडतो आणि व्यापारी भाड्यात कापतो. मालकाच्या लेखी ड्रायव्हर दिवसभर बसून होता. तो स्टिअरिंगवर बसतो तेव्हा त्याला जागून बारा तास झालेले असतात, आणि तिसऱ्या ओळीवरची रेघ आत्ता कुठं सुरू होते.

२०२१ मध्ये गडकरी बोलले होते, विमानाच्या पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरांचेही तास ठरवायला हवेत, झोप ओळखणारे सेन्सर बसवायला हवेत. सेन्सर बसेलही. डुलकी लागली की तो वाजेल. डुलकी मार्केट यार्डात सकाळी दहाला सुरू झाली होती, हे त्याला कसं कळणार?

हे सगळं डोक्यात घेऊन मी आमच्या ड्रायव्हरकाकांना एकदा विचारलं. हिशोबाला आले होते, ओट्यावर चहा चालला होता. त्यांना स्क्रीनवरच्या चार ओळी दाखवल्या, समजावून सांगितलं. त्यांना वेळ लागला नाही, दोन मिनिटांत कळलं. म्हणाले, "वहिनी, हे मशीन लावलं तर पैसे तासावर देणार का फेरीवर?"

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा चहाकडं.

"फेरीवरच असंल तर नका लावू," काका म्हणाले. "आता निदान मी कधी झोपायचं ते मी ठरवतो. मग मशीन ठरवणार, आणि फेरी लांबली म्हणून पगार माझा कापणार."

मला त्यावर उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजून सुचलेलं नाही. ड्रायव्हरला फेरीवर पैसे, मालकाला टनावर भाडं, आणि गेटवर गाडी कितीही उभी करून ठेवणाऱ्याला काहीच नाही, हा हिशोब आहे तसा ठेवून त्यावर ॲप चढवलं तर ते फक्त सगळ्यात खालच्या माणसाला मोजणार. माझं मत आता असं झालंय की नोंद करायचीच असेल तर सुरुवात गेटवरून करावी. गाडी आली किती वाजता, सुटली किती वाजता. डबी नको, ॲप नको. आपल्या बिल्टीच्या पोचवर पार्टीची सही असते, शिक्का असतो, तारीख असते. वेळ नसते. अण्णांच्या वहीत 'खोटी' म्हणून एक रकाना आहे, गाडी अडकून पडल्याचे पैसे लिहायला, आणि पानंच्या पानं तो रिकामा आहे, कारण मागायला गेलं की पार्टी म्हणते, पुरावा काय?

हे मी जेवताना बोलले. अण्णांनी हो-नाही काही म्हटलं नाही. पण पोचेचे कागद संपत आले होते, ते छापायला साखर पेठेतल्या प्रेसवाल्याकडं गेले तेव्हा खाली दोन चौकटी वाढवून आणल्या: 'गाडी आली, वेळ' आणि 'गाडी खाली झाली, वेळ'. प्रेसवाल्यानं त्याचे जादा पैसे घेतले नाहीत, असं दोनदा सांगितलं. काकांना बजावलं, सही घेताना वेळ लिहूनच घ्यायची, आणि आल्या आल्या गेटचा घड्याळासकट फोटो काढायचा. काकांनी विचारलं, घड्याळ नसलं तर? मग वॉचमनचा काढा, अण्णा म्हणाले.

पहिल्या पोचवर दोन्ही चौकटी कोऱ्या आल्या, शिक्का मात्र त्यांच्यावरच मारलेला. दुसरीकडं एका कारकुनानं वेळ लिहिली, पण येण्याची वेळ लिहिली ती गाडी आत घेतल्याची. बाहेर रस्त्यावर उभे असलेले तास त्याच्या मते त्याचे नव्हतेच. काकांनी वाद घातला. कारकून म्हणाला, रस्ता सरकारचा आहे. पुण्याजवळच्या एका गोडाऊनला मात्र बाईंनी काही न विचारता दोन्ही वेळा लिहून दिल्या, मिनिटासकट, आणि खाली सही. तो कागद अण्णांनी वहीत वेगळा ठेवलाय. सात तास खोटी निघाली. बिल लावलं. पार्टीनं अर्धी रक्कम मान्य केली, तीही पुढच्या भाड्यात वळती करून देऊ म्हणून.

पुढचं भाडं त्याच पार्टीचं आलं. अण्णांनी फोनवर नेहमीचा दर सांगितला आणि वर खोटीचा दर वेगळा सांगितला, दोन तासांच्या पुढं ताशी इतके. पलीकडचा माणूस म्हणाला कळवतो. दुपारपर्यंत कळवलं नाही. संध्याकाळी ऑफिसात समजलं की माल त्या जीपीएसवाल्या तरुण मालकाच्या गाडीत भरून गेलासुद्धा, आमच्या नेहमीच्या दरापेक्षा कमी भाड्यात. अण्णांनी घरी येऊन नवीन पोचेची गड्डी कपाटातून काढली, किती कागद उरलेत ते मोजले, आणि सांगितलं की उद्या साखरेची गाडी भरायची आहे, कारखान्याच्या गेटवर रांग आहे म्हणतात, काकांना डबा जास्तीचा दे.